सॅटचे गुण अमेरिकेतील विद्यापीठांना मुदतीपूर्वी कसे पाठवावेत?

सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण आपल्या खात्यात दिसू लागले की ते विद्यापीठालाही कळले असणार, असा समज अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी अनेकदा आढळतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याने ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या संकेतस्थळावरील खात्यातून स्वतः मागणी नोंदवल्याखेरीज कोणत्याही विद्यापीठाला गुण जात नाहीत. खात्यातून उतरवून घेतलेली पीडीएफ प्रत प्रवेश कार्यालयाला ईमेलने पाठवली, तरी ती अधिकृत अहवाल ठरत नाही. त्यामुळे परीक्षेच्या तयारीइतकीच या शेवटच्या टप्प्याची आखणीही आधीपासून करायला हवी.

सर्वप्रथम प्रत्येक विद्यापीठाचे धोरण त्याच्याच संकेतस्थळावर वाचावे. करोनाच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती, मात्र एमआयटीने 2022 मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी 2024 मध्ये ती पुन्हा आवश्यक केल्याचे जाहीर केले. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आदी सर्व परिसर, प्रवेशाच्या निर्णयात सॅटचे गुण विचारातच घेत नाही, त्यामुळे तिथे अर्जासोबत अहवाल पाठवण्यासाठी खर्च करण्याचे कारण नाही.

गुण आवश्यक असले, तरी अधिकृत अहवाल अर्जाच्या वेळीच हवा असतो असे नाही. कॉमन ॲप या अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्जात विद्यार्थी आपले गुण स्वतः नोंदवू शकतो आणि एमआयटीसह अनेक विद्यापीठे निवडीपुरते ते ग्राह्य धरतात. प्रवेश निश्चित झाल्यावर मात्र अधिकृत अहवाल मागवला जातो आणि नोंदवलेल्या गुणांशी तो जुळला नाही, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. ज्या घरांना डॉलरमधील प्रत्येक शुल्क जड जाते, त्यांनी ही सवलत कुठे मिळते ते आवर्जून शोधावे, कारण कॉलेज बोर्डाची शुल्कमाफी अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी आणि परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांसाठी आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला ती मिळत नाही.

परीक्षेच्या नोंदणीसोबत चार विद्यापीठांना गुण मोफत पाठवता येतात. ही चार नावे परीक्षेनंतर 9 दिवसांपर्यंत भरता किंवा बदलता येतात आणि त्यानंतर प्रत्येक अहवालासाठी वेगळे शुल्क पडते. अडचण अशी की निकाल साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी लागतो, म्हणजे मोफत सुविधा वापरायची तर गुण किती पडले हे न पाहताच ते पाठवावे लागतात. आमच्या मते पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्याने ही सुविधा केवळ सर्व परीक्षांचे गुण मागणाऱ्या विद्यापीठांसाठी, किंवा वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतून प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरणाऱ्या, म्हणजे सुपरस्कोअर पद्धतीच्या विद्यापीठांसाठी वापरावी. बाकीच्या ठिकाणी निकाल पाहून शुल्क भरणे अधिक सुरक्षित आहे.

निकालानंतर मागणी नोंदवताना स्कोअर चॉइस या सोयीने कोणत्या तारखेच्या परीक्षेचे गुण पाठवायचे ते ठरवता येते. मात्र एका तारखेचा निकाल अखंड जातो. मार्चमधील फक्त गणित आणि ऑक्टोबरमधील फक्त वाचन-लेखन, अशी निवड करता येत नाही. जॉर्जटाउनसारखे विद्यापीठ दिलेल्या सर्व परीक्षांचे गुण मागते आणि तिथे हा नियम पाळणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी असते.

वेळेचा हिशेब उलट्या बाजूने, म्हणजे अर्जाच्या मुदतीपासून मागे करावा. अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन या लवकर अर्ज करण्याच्या फेऱ्यांची मुदत बहुतांश ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर, तर नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते. अहवाल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जात असला, तरी मागणीपासून तो पोहोचेपर्यंत दहा दिवस धरावेत आणि विद्यापीठाला तो अर्जाशी जोडायला लागणारे काही दिवस त्यात मिळवावेत. लवकरच्या फेरीसाठी ऑगस्टची परीक्षा निर्धास्त ठरते. ऑक्टोबरची चालते, पण तिच्यात चुकीला जागा उरत नाही. नियमित फेरीसाठी डिसेंबरची परीक्षा बहुधा शेवटची. अहवाल मुदतीपर्यंत पोहोचायला हवा की त्या तारखेपूर्वी परीक्षा दिलेली असली म्हणजे पुरे, हे प्रत्येक विद्यापीठ वेगळे ठरवते, म्हणून ते वाक्य नीट वाचावे.

कागदपत्रे थोडी लागतात, पण त्यांवरील नाव सगळीकडे सारखे असणे फार महत्त्वाचे आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात असते आणि वडिलांचे नाव काहींच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या नावाला जोडलेले असते, काहींच्या बाबतीत मुळीच नसते. सॅटची नोंदणी आणि कॉमन ॲप या दोन्ही ठिकाणी नाव, आडनाव व जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच भरावी आणि ईमेल पत्ताही एकच ठेवावा, कारण या तपशिलांवरूनच विद्यापीठ अहवाल आणि अर्ज यांची सांगड घालते. खाते समुपदेशकाच्या ईमेलवर मुळीच उघडू नये; पुढील सर्व सूचना विद्यार्थ्याच्या हाती यायला हव्यात.

मागणी नोंदवण्यासाठी खात्यात लॉग-इन करून विद्यापीठ शोधावे. एकसारख्या नावाची विद्यापीठे आणि एकाच विद्यापीठाचे अनेक परिसर असल्यामुळे चार अंकी संकेतांक ताडून पाहावा. उदाहरणार्थ, एमआयटीचा संकेतांक 3514 आहे. शुल्क डॉलरमध्ये असल्याने पालकांच्या कार्डावरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासूनच्या नियमांनुसार नव्या कार्डावर ही सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावी लागते आणि ऐन मुदतीच्या रात्री याच कारणाने व्यवहार अडू शकतो.

अर्ज सादर झाल्यावर विद्यापीठ अर्जदारासाठी स्वतंत्र पोर्टल उघडून देते आणि कोणती कागदपत्रे मिळाली याची यादी तिथे दिसते. दोन आठवड्यांनंतरही त्या यादीत गुण आले नसतील, तर शुल्क भरून दुसरी मागणी नोंदवण्याआधी कॉलेज बोर्डाच्या खात्यातील पाठवणीची तारीख, पासपोर्टवरील नाव आणि अर्जाचा क्रमांक कळवून प्रवेश कार्यालयाला लिहावे.