डेव्हिड टीगरची कॅप्टनशिप आणि त्यामागची शंभर वर्षं

२०२४ ची अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवतेय ना, बेनोनीला, आपले ३२ वर ४ गेले होते आणि बीडच्या सचिन धसने ९६ मारून मॅच ओढून आणली. त्या नादात समोरच्या दक्षिण आफ्रिकेच्या टीमचा कॅप्टन स्पर्धा सुरू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी बदललाय हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. डेव्हिड टीगर नावाचा जोहान्सबर्गचा ज्यू मुलगा. ऑक्टोबर २०२३ मधे ज्यू समाजाच्या एका पुरस्कार सोहळ्यात त्याला उगवता तारा म्हणून बक्षीस मिळालं आणि त्याने ते इस्रायलच्या सैनिकांना अर्पण करून टाकलं. मग तक्रारी झाल्या, चौकशी बसली, चौकशीत त्याची काही चूक नाही असं निघालं, आणि तरीही क्रिकेट बोर्डाने कॅप्टनशिप काढली, कारण दिलं सुरक्षेचं, आंदोलनं होतील वगैरे. प्लेयर म्हणून मात्र टीममधे ठेवलं.

आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर तेव्हा दोनच मतं पडली, पोरावर अन्याय झाला नाहीतर पोराने नसता शहाणपणा केला. पण दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू घरांमधे हा वाद गेली शंभर वर्षं जेवणाच्या टेबलावर चालू आहे, फक्त माणसं बदलतात. म्हणून जरा मागचं सांगतो.

मुळात हे लोक तिथे आले कुठून, तर बहुतेक लिथुआनियातून. झारच्या राज्यात ज्यूंवर बंधनं, दंगली, गरिबी, आणि इकडे जोहान्सबर्गला सोनं सापडलेलं, त्यामुळे १८८० ते १९१० च्या दरम्यान सुमारे ४० हजार ज्यू दक्षिण आफ्रिकेत उतरले. तिकडे जे खालचे होते ते इकडे पाय ठेवल्या ठेवल्या गोरे झाले, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो. काहीजण येताना कामगार चळवळ आणि समाजवाद सोबत घेऊन आले, बाकीचे नुसते पोटापाण्यासाठी आले, दुकानं टाकली, मुलांना डॉक्टर वकील केलं.

आपल्याला यातली पहिली ओळखीची नावं भेटतात ती गांधीजींमुळे. हेन्री पोलाक, सोनिया श्लेसिन आणि हर्मन कॅलनबाख, तिघंही ज्यू. कॅलनबाख आर्किटेक्ट, पैसेवाला माणूस, त्याने १९१० मधे जोहान्सबर्गजवळची ११०० एकर जमीन सत्याग्रहींना वापरायला दिली, तेच टॉलस्टॉय फार्म, आणि १९१३ च्या मोर्चात पोलाकबरोबर हाही जेलमधे गेला. पण कॅलनबाख पुढे झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमधे स्वतःचा देश हवा या मताचा झाला, १९३७ मधे भारतात आला तो पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंसाठी गांधीजींचा पाठिंबा मिळेल का बघायला. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मधे उलटंच लिहिलं, इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. त्यानंतरही कॅलनबाख १९३९ मधे परत आला आणि सेवाग्रामला राहिला. मैत्री तुटली नाही. मरताना बरीचशी इस्टेट झायोनिस्ट कामाला देऊन गेला. टॉलस्टॉय फार्मचा कॅलनबाख खरा की हा खरा असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन दोन्ही खरे, आणि हे त्याच्या एकट्याचं नाही, पुढे बहुतेकांचं असंच आहे.

१९३० च्या दशकात चित्र बिघडलं. १९३० मधे कोटा कायदा आला, पूर्व युरोपातून येणाऱ्यांना जवळपास दार बंद, तो आणणारा मंत्री डी. एफ. मलान. १९३६ मधे जर्मनीतून पाचशेहून जास्त ज्यूंना घेऊन स्टुटगार्ट नावाचं जहाज केपटाऊनला लागलं, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्या स्टेलनबॉशच्या प्रोफेसरांमधे हेंड्रिक फरवूर्ट होता, हाच पुढे वर्णभेदाचा शिल्पकार म्हणून ओळखला गेला. मलानच्या नॅशनल पार्टीच्या ट्रान्सवाल शाखेत तर ज्यूंना मेंबरच होता येत नव्हतं. आणि १९४८ मधे हेच लोक निवडून आले, मलान पंतप्रधान. आता तीन वर्षांपूर्वीच युरोपात काय झालं ते ताजं असताना ज्यू घरांमधे काय वाटलं असेल विचार करा. पण मलानने पलटी मारली, ज्यूंना त्रास द्यायचा नाही, गोऱ्यांची संख्या वाढवायला ते हवेतच, आणि १९५३ मधे स्वतः इस्रायलला जाऊन आला. न बोललेला सौदा असा की तुम्ही आमच्या धोरणात नाक खुपसू नका, आम्ही तुमच्या वाटेला जाणार नाही.

ज्यूंची शिखर संघटना बोर्ड ऑफ डेप्युटीज, तिने यातून एक सूत्र काढलं: राजकारणावर ज्यू समाज म्हणून आमचं काही एक मत नाही, व्यक्ती म्हणून ज्याने त्याने ठरवावं. ऐकायला अगदी लिबरल वाटतं, नाही का! पण जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात ना, तर इथे सुपातले हसतही नव्हते, श्वास रोखून बसले होते. मी त्यांना भित्रे म्हणून मोकळा होणार नाही, पण ते सूत्र पुढे सदतीस वर्षं ताणलं हेही खरंच आहे.

आणि व्यक्ती म्हणून ज्यांनी ठरवलं त्यांची यादी बघितली तर चक्रावायला होतं. ज्यू गोऱ्यांमधे पाच टक्केसुद्धा नव्हते कधी, पण वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांवरच्या १९५६ च्या देशद्रोहाच्या खटल्यात १५६ आरोपींपैकी २३ गोरे आणि त्यातले निम्म्याहून जास्त ज्यू. जो स्लोव्हो, रूथ फर्स्ट, रस्टी बर्नस्टाइन, सगळे कम्युनिस्ट, सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, तोंड न बघणारे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी आम्ही ज्यू म्हणून लढतोय असं बहुतेक सांगितलंही नसतं.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो, मंडेलांनी आत्मचरित्रात सांगितलेला. तरुण मंडेलांना वकिली शिकायला नोकरी दिली ती लाझार सिडेल्स्की नावाच्या ज्यू वकिलाने, काळ्या माणसाला फर्ममधे घेणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. मंडेलांनी पुढे लिहिलंय की वंशाच्या बाबतीत ज्यू लोक बाकी गोऱ्यांपेक्षा मोकळ्या मनाचे वाटले, कदाचित स्वतः भोगलंय म्हणून. तर पहिल्याच दिवशी सेक्रेटरी बाईने प्रेमाने सांगितलं की आपल्याकडे काळा गोरा भेद नाही, आणि त्याच दमात सांगितलं की तुझ्यासाठी आणि गॉरसाठी दोन नवीन कप आणलेत, चहा आला की ते घ्या. नवीन कप! आपल्याकडे टपरीवरचा वेगळा कप ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजवायला नको. गॉर रॅडेबे हा तिथला दुसरा काळा कर्मचारी, तो मुद्दाम नवे कप बाजूला ठेवून जुन्यातला एक उचलतो, साखर दूध घालतो, सावकाश ढवळतो आणि सगळ्यांसमोर उभा राहून पितो. मंडेला बिचारे अडकले, बाईंना दुखवायचं नाही आणि गॉरलाही सोडायचं नाही, म्हणाले मला तहान नाही. पुढे चहाच्या वेळी छोट्या किचनमधे जाऊन एकटेच पीत बसायचे. सदिच्छा कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते ते त्या दोन कपांवरून दिसतं.

मग ११ जुलै १९६३. जोहान्सबर्गजवळ रिव्होनियातल्या लिलीजलीफ फार्मवर, मंडेलांच्या साथीदारांच्या लपायच्या अड्ड्यावर, धाड पडली. फार्म कम्युनिस्ट पक्षाच्या पैशातून घेतलेलं, पण वरवर तिथे राहायचं आर्थर गोल्डरायखचं कुटुंब. हा गोल्डरायख १९४८ मधे इस्रायलच्या बाजूने लढून आलेला माणूस. तो आणि हॅरोल्ड वोल्प पोरगेल्या पोलिसाला लाच देऊन कोठडीतून पळाले आणि पाद्र्यांच्या वेशात देशाबाहेर गेले. गोऱ्यांपैकी शेवटी खटल्यात उरले डेनिस गोल्डबर्ग आणि बर्नस्टाइन. आरोपींचे वकील जोएल जोफी आणि आर्थर चॅस्कलसन, दोघं ज्यू. आणि सरकारी वकील कोण, तर पर्सी युटार, तोही ज्यू, कर्मठ, सिनेगॉगचा पदाधिकारी. युटारला आपला समाज या पोरांमुळे बदनाम होतोय याचाच राग होता असं म्हणतात, सरकारला दाखवून द्यायचं होतं की सगळे ज्यू तसले नाहीत. एकाच कोर्टात, एकाच इतिहासातून आलेली माणसं समोरासमोर. १२ जून १९६४ ला मंडेला, गोल्डबर्ग वगैरेंना जन्मठेप झाली, बर्नस्टाइन सुटला. गोल्डबर्ग गोरा म्हणून त्याला रॉबेन बेटावरच्या जेलमधे सुद्धा मित्रांबरोबर राहू दिलं नाही, प्रिटोरियाच्या गोऱ्यांच्या जेलमधे २२ वर्षं.

या कम्युनिस्टांच्या शेजारी हेलन सुझमनला बसवायचं नाही, ती वेगळ्या मातीची. लिथुआनियन आईबापांची मुलगी, पक्की लिबरल, १९५३ ते १९८९ खासदार, त्यातली १३ वर्षं तिच्या पक्षाची संसदेत ती एकटीच. एक मंत्री चिडून म्हणाला की तुम्ही असले प्रश्न विचारून परदेशात देशाची नाचक्की करता, तर ही बाई म्हणते नाचक्की माझ्या प्रश्नांनी नाही, तुमच्या उत्तरांनी होते. १९६७ मधे रॉबेन बेटावर जाऊन मंडेलांना भेटली. पण देशावर आर्थिक निर्बंध लादायला तिचा विरोध होता, त्यामुळे डाव्यांनी तिला शेवटपर्यंत आपलं मानलं नाही. बोलणाऱ्यांमधेही एकमत होतं असा गैरसमज नको.

रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं काय? आंद्रे उंगार म्हणून तरुण रब्बी, बुडापेस्टमधे नाझींच्या तावडीतून वाचलेला, पोर्ट एलिझाबेथला आला आणि दोनच वर्षांत वर्णभेदाची नाझी कायद्यांशी तुलना करायला लागला. डिसेंबर १९५६ मधे देश सोडून जायची नोटीस. समाजाच्या नेत्यांनी हात झटकले.

बाहेरून इस्रायलची भानगड होतीच. १९६१ मधे इस्रायलने संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मत दिलं, तर सरकारने इस्रायलला पैसे पाठवायची सवलतच बंद केली, म्हणजे इस्रायल तत्त्वाने वागला की इथल्या ज्यूंची पंचाईत. आणि १९७६ मधे उलट झालं, पंतप्रधान फोर्स्टर, जो दुसऱ्या महायुद्धात जर्मनीधार्जिण्या संघटनेत होता म्हणून स्थानबद्ध झाला होता, त्याला इस्रायलने लाल गालिचा अंथरला, याद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकाला नेलं. गोल्डबर्ग १९८५ मधे सुटला तो इस्रायलमधल्या लोकांच्या खटपटीने, मुलगी तिकडे किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत होती म्हणून थेट तिकडेच गेला, आणि उतरल्यावर काय केलं तर इस्रायल वर्णभेदी सरकारला मदत करतो म्हणून जाहीर टीका! मग लंडनला निघून गेला. ज्यांनी सोडवलं त्यांना काय वाटलं असेल.

१९८५ मधेच बोर्ड ऑफ डेप्युटीजने शेवटी वर्णभेद नाकारणारा ठराव केला. त्यानंतर मात्र सगळे आपलेच झाले. मे १९९४ मधे निवडून आल्यावर मंडेला पहिल्या शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवशी, केपटाऊनच्या सी पॉइंटच्या सिनेगॉगमधे गेले. जानेवारी १९९५ मधे स्लोव्हो वारला, आयुष्यभर देव न मानलेला माणूस, त्याच्या अंत्यविधीला चीफ रब्बी सिरिल हॅरिस बोलले. मंडेलांनी युटारला जेवायला बोलावलं, त्याच्यासाठी कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं जेवण. हॅरिसनी १९९७ मधे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगापुढे कबूल केलं की समाज म्हणून आम्ही पुरेसं केलं नाही, आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीत सगळ्यात अवघड वाक्य तेच होतं.

पण आता प्रश्न दुसऱ्यांचा राहिला नव्हता. २००१ मधे रॉनी कॅसरिल्स या ज्यू मंत्र्याने 'माझ्या नावाने नाही' म्हणून इस्रायलविरुद्ध जाहीरनामा काढला, समाजातले बहुसंख्य खवळले. २००९ मधे ज्यू न्यायाधीश रिचर्ड गोल्डस्टोनने गाझावर संयुक्त राष्ट्रांसाठी इस्रायलवरही ठपका ठेवणारा रिपोर्ट दिला, तर पुढच्या वर्षी सँडटनला नातवाच्या बार मिट्झ्वाला (ज्यूंची मुंज म्हणा) आजोबांनी यावं की नाही यावर रामायण झालं, निदर्शनं करू म्हणेपर्यंत गेलं, शेवटी तडजोड होऊन आजोबा आले. २०११ मधे त्याने रिपोर्टमधल्या एका मुख्य मुद्द्यावरून स्वतः माघार घेतली, तेव्हा दुसरी बाजू नाराज.

२९ डिसेंबर २०२३ ला दक्षिण आफ्रिकेने इस्रायलला गाझातल्या नरसंहाराच्या आरोपावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचलं. बोर्ड ऑफ डेप्युटीज आणि चीफ रब्बी सरकारवर तुटून पडले, काही ज्यू गट सरकारच्या बाजूने उभे राहिले. त्या केससाठी दक्षिण आफ्रिकेने नेमलेले न्यायाधीश डिकगांग मोसेनेके, पोरवयात रॉबेन बेटावर दहा वर्षं काढलेले. इस्रायलने नेमलेले आहारोन बराक, जन्म लिथुआनियातल्या कौनासचा, लहानपणी नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या घेट्टोतून वाचलेले. ११ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेने बाजू मांडली, १२ ला इस्रायलने. टीगरला कॅप्टनशिपवरून काढल्याचं क्रिकेट बोर्डाचं पत्रक आलं ते त्याच १२ तारखेला.