सीएसआर (कंपन्यांनी समाजकामाला द्यायचे पैसे) म्हणजे टॅक्स वाचवायची आयडिया? नाही हो!

आमच्या चिपळूणकडे शाळेला बेंच मिळाले, वाडीत पाण्याची टाकी झाली की कोणीतरी बोलतंच, "कंपनीचं काय जातंय, सगळं टॅक्समधून वजा." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, पण ते तसं नाहीये.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी मागच्या वर्षी बसलं तरी आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यावेच लागतात. आणि २०१४ च्या बजेटमध्येच स्पष्ट केलं की हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून इन्कम टॅक्समध्ये धरता येणार नाही. काही देणग्यांना ८०जी ची (देणगीवरची इन्कम टॅक्स) सूट मिळू शकते, तीही बऱ्याचदा रकमेच्या काही भागावरच आणि ती टॅक्समधून नाही तर उत्पन्नातून वजा होते, म्हणजे कंपनीच्या खिशातून पैसे जातातच.

दुसरं म्हणजे कामगारांचं. जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा चिखल उपसायला किती लोक आले ते आम्ही पाह्यलंय, त्यात कंपनीचे कर्मचारी असले तरी त्यांचा वेळ पैशात मोजून कंपनीला त्या २ टक्क्यांत दाखवताच येत नाही, आणि कर्मचारी स्वतःच्या पगारातून देतात ते तर पूर्ण त्यांचंच.

म्हणून लोटे, महाड, रोहा कुठलीही एमआयडीसी असो, फुकटचं म्हणू नका. उलट कायदा सांगतो की आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, तर ग्रामपंचायतीने कंपनीकडे लेखी मागणी घेऊन जावं, आमच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात हे त्यांना आपणच सांगायला हवं ना!