अर्धवर्तुळ फिरवले की गोल, पण गुणाकार कशाने?

सोलापुरात बारावीच्या मुलांकडून अजून ऐकू येते: अर्धवर्तुळ व्यासाभोवती फिरवले की गोल होतो, म्हणून घनफळ = क्षेत्रफळ πr²/2 × परीघ 2πr, म्हणजे π²r³ (r म्हणजे त्रिज्या). हे चूक आहे.

आपल्याकडचे डाळिंबच घ्या. 8 सेंमी व्यासाचा गोल धरला, तर r = 4 आणि उत्तर येते सुमारे 632 घसेंमी. पण ते डाळिंब ज्या 8 सेंमीच्या चौकोनी खोक्यात बसते, त्याचेच घनफळ 512! फळ खोक्यापेक्षा मोठे कसे असेल?

चूक इथे होते: 2πr एवढे अंतर फक्त अक्षापासून (म्हणजे व्यासापासून) सर्वांत दूरचा बिंदू फिरतो. अक्षाजवळचे बिंदू जेमतेम हलतात. अर्धवर्तुळाचा गुरुत्वमध्य (सगळ्या बिंदूंचे सरासरी स्थान) अक्षापासून 4r/(3π) वर असतो. तो ज्या वर्तुळात फिरतो त्याचा परीघ घेतला की उत्तर बरोबर येते.

इंटिग्रेशनने, म्हणजे पातळ चकत्यांची बेरीज करून, सरळ पाहा. केंद्रापासून x अंतरावरच्या चकतीची त्रिज्या √(r²−x²), म्हणून क्षेत्रफळ π(r²−x²). −r ते r इंटिग्रेट करा: π[r²x − x³/3] = π(2r³ − 2r³/3) = 4πr³/3. मर्यादा 0 ते r घेतल्या तर दुप्पट करायला विसरू नका, नाहीतर अर्धगोलच हाती येतो. डाळिंबाचे खरे उत्तर सुमारे 268 घसेंमी.