टाकीचा कोंडलेला श्वास

मागच्या मे महिन्यात, दुपारी दीडच्या सुमारास, कोंढाळीहून नागपूरकडे येताना बाजारगावच्या अलीकडे आमची जुनी पिकअप झटके देत बंद पडली. ही आजोबांच्या काळातली, पेट्रोलवर चालणारी आणि कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्राची, गाडी आहे. बोनेट उघडून एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपावर, ओले फडके टाकले, वीस मिनिटे कडुनिंबाच्या सावलीत काढली, तेव्हा ती सुरू झाली आणि आठ-दहा किलोमीटरवर पुन्हा थांबली. ऊन बाधले, असे सगळ्यांचेच मत पडले. तिसऱ्या वेळी पेट्रोल किती उरले हे पाहण्यासाठी टाकीचे झाकण फिरवले, तर आत हवा शिरल्याचा लांबलचक आवाज आला आणि त्यानंतर गाडी ताबडतोब सुरू झाली. दोष कुठे आहे, हे त्या आवाजानेच सांगितले होते.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर पडते, तितकीच हवा आत यावी लागते. त्यासाठी जुन्या गाड्यांच्या झाकणात सुईएवढे छिद्र किंवा लहानशी झडप असे, नाहीतर टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी बाहेर काढलेली असे. हा मार्ग बुजला की टाकीत निर्वात वाढू लागतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि वर जेमतेम २ लिटर हवा असेल, तर आणखी २ लिटर पेट्रोल संपेपर्यंत त्याच हवेला दुप्पट जागा व्यापावी लागते. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब निम्मा होतो. पेट्रोलची वाफ यातली काही तूट भरून काढते आणि पत्राही थोडा आत ओढला जातो, त्यामुळे टाकीतला एकूण दाब प्रत्यक्षात इतका उतरत नाही; तरी पंपाची ओढ अपुरी पडायला ही घट पुरेशी ठरते. म्हणूनच टाकी भरल्यानंतर गाडी थोड्याच अंतरावर थांबते आणि अर्धी रिकामी असताना बरीच लांब धावते. हा फरक ध्यानात आला, तर निम्मे निदान तिथेच होते. दाब फक्त १० किलोपास्कलने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने, कमी झाला, तरी ५० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पत्र्यावर बाहेरची हवा सुमारे २०० किलो वजनाइतका जोर लावते. टाकीचा तळ किंवा माथा आत दबलेला दिसला, तर गाडी कुठे आपटली असेल हे शोधण्याआधी झाकण तपासावे.

मग ओल्या फडक्याने गाडी सुरू का झाली? मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. पेट्रोल हा एकच द्रव नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, आणि इंजिनाला टेकून बसलेला पंप त्याहून कितीतरी तापतो. पंपात वाफ साठली की तो द्रव ओढू शकत नाही. दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे कोंडलेल्या टाकीतला निर्वात पंपाच्या ओढीला जोडून आला की एरवी तग धरणारे पेट्रोलही नळीतच उकळते. पेट्रोलमध्ये आता मिसळले जाणारे इथेनॉलही वाफ होण्याची ही प्रवृत्ती वाढवते. फडक्याने वाफ निवते आणि गाडी तात्पुरती चालते, पण निर्वात तसाच राहतो. निव्वळ उन्हाचा दोष असेल, तर झाकण उघडून विशेष फरक पडत नाही. पंप निवेपर्यंत थांबावेच लागते.

बुजलेल्या मार्गाचा उलटा त्रासही आहे. गाडी उन्हात उभी असताना ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाऊण लिटरने फुगते. त्यात वाफेचा दाब वाढतो आणि पेट्रोल त्याला अडवणाऱ्या कार्बोरेटरच्या सुईझडपेला ढकलून आत शिरते. इंजिनात पेट्रोल जास्त होते, उग्र वास येतो, झाकणाच्या कडेने ओघळ दिसतात. १९७२ पर्यंतच्या शेवरले पिकअपमध्ये टाकी केबिनमध्ये, आसनाच्या मागेच असे. अशा गाडीत हा वास म्हणजे थेट धोका असतो.

आमच्या गाडीत दोन दोष एकत्र आले होते. मूळ झाकण हरवल्यावर त्याच आट्यांचे दुसरे बसवले होते, पण ते बंद प्रकारचे, म्हणजे हवेचे छिद्र नसलेले, होते. कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि पुढच्या वर्षीपासून साऱ्या अमेरिकेतल्या मोटारींना पेट्रोलची वाफ मोकळ्या हवेत सोडण्यावर बंधन आले. वाफ कोळशाच्या डब्यात शोषून नंतर इंजिनाकडे ओढली जाऊ लागली आणि झाकणे बंद झाली. दोन्ही झाकणे बाहेरून सारखीच दिसतात. तरीही टाकीच्या माथ्यावरची हवेची नळी मोकळी असती, तर आमचे काम भागले असते. ती काढून तार घातली, तेव्हा कोरडी, घट्ट माती बाहेर आली आणि मातीत वाळलेले लहान कोळी एकाला एक चिकटून बसलेले होते. कुंभारीण माशीने आपल्या अळीसाठी साठवलेली ती शिदोरी होती.

तपासणी सावलीत, इंजिन थंड असताना आणि ठिणगीपासून दूर करावी. झाकण एकदम न उघडता हळूहळू सैल करावे, कारण आत निर्वाताऐवजी दाब असेल तर पेट्रोल अंगावर उडते. नळी टाकीकडून सोडवूनच स्वच्छ करावी. टाकीला जोडलेल्या नळीत कंप्रेसरची हवा मारू नये. टाकी फुगते, सांधा उकलतो. नळीचा मार्गही पाहावा. ती कुठे लोंबत असेल, तर त्या खोलगटात पेट्रोल साठते आणि ३० सेंटिमीटरचा असा स्तंभ सुमारे २ किलोपास्कलचा अडथळा उभा करतो. आतून मऊ पडलेली रबरी नळी ओढ लागताच चपटी होते. ती हाताला चांगली लागली तरी बदलून टाकावी.

आम्ही नळी भरणीच्या तोंडाहून उंच नेली, वळवून तिचे टोक खाली केले, टोकावर पितळी जाळी लावली आणि छिद्र असलेले झाकण मिळवले. पुढच्या खेपेला टाकी पूर्ण भरून, तशाच दुपारी, कोंढाळीहून थेट कळमन्याच्या बाजारापर्यंत आलो. सावलीत गाडी उभी करून झाकण फिरवले. कसलाही आवाज आला नाही.