२१ दिवसांत सवय लागते? कुणी सांगितलं?

पर्वती रोज चढायची, २१ दिवस खंड पडू द्यायचा नाही. मग मेंदूत सवय पक्की! पुण्यात जानेवारी आला की हा सल्ला हमखास कानावर पडतो. वर २१ दूर्वा, २१ मोदकांचा दाखलाही मिळतो. गणपतीला उगाच साक्षीला ओढलंय.

हा आकडा पसरला तो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनमुळे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना ‘किमान’ २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६०मध्ये मांडलं. पुढे ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. कृती आपसूक होण्याचा काळ सरासरी ६६ दिवस निघाला; माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवस इतके पसरलेले. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

दिवस मोजण्यापेक्षा ठरलेली खूण महत्त्वाची: सकाळचा चहा झाला की चपला घालायच्या. रोजच्या दिवाबत्तीला कुठे गजर लावावा लागतो? तिन्हीसांजा झाल्या की हात आपोआप काडेपेटीकडे जातो.