औषधी रसायनशास्त्र : औषधरेणू आणि त्यांची जैविक लक्ष्ये

रोगावर गुणकारी ठरू शकणारे रेणू शोधणे किंवा नव्याने घडवणे, ते शरीरातील अथवा रोगजंतूंमधील नेमक्या कोणत्या घटकाशी जोडले जातात हे तपासणे आणि त्या माहितीच्या आधारे त्यांच्या रचनेत टप्प्याटप्प्याने सुधारणा करणे, हे औषधी रसायनशास्त्राचे कार्यक्षेत्र होय. औषधरेणू ज्या घटकाशी जोडला जाऊन परिणाम घडवतो, त्याला त्या औषधाचे जैविक लक्ष्य म्हणतात. बहुतेक लक्ष्ये प्रथिने असतात, उदाहरणार्थ एन्झाइमे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, आणि पेशींवरील ग्राही, म्हणजे बाहेरून येणारे संदेश टिपणारी प्रथिने. काही औषधे मात्र डीएनए, प्रथिने घडवणारे रायबोसोम किंवा पेशीपटलातील मेदद्रव्ये यांच्यावरही काम करतात. पुण्यात या शास्त्राची वाटचाल पिंपरीतील प्रतिजैविकांच्या कारखान्यापासून पाषाणच्या प्रयोगशाळांपर्यंत आणि पुढे कर्करोगावरील नव्या रेणूंपर्यंत झाली आहे. रेणू तयार करण्याचे कौशल्य येथे आधी आले आणि तो नेमका कोठे काम करतो याचा विचार मागाहून रुजला, हे या वाटचालीचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

लक्ष्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. एमील फिशर यांनी १८९४ मध्ये एन्झाइम आणि त्याचे कार्यद्रव्य, म्हणजे ते ज्यावर क्रिया करते तो पदार्थ, यांच्या संबंधाला कुलूप-किल्लीची उपमा दिली, जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये पेशीतील ‘ग्राही पदार्था’ची कल्पना मांडली, आणि पाउल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकयुक्त संयुगांची एकामागून एक पारख होऊन १९०९ मध्ये उपदंशावरील साल्व्हरसान हाती आले. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक औषधे त्यांचे लक्ष्य ठाऊक नसतानाच वापरात होती.

पेनिसिलिन हे याचे ठळक उदाहरण. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिनमुळे जीवाणूंच्या पेशीभित्तिकेची घडण बिघडते हे तेव्हा लक्षात येऊ लागले होते, पण कसे, याचा खुलासा त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, डॉनल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी केला. जीवाणू आपली भित्तिका विणताना ट्रान्सपेप्टिडेज या एन्झाइमाच्या मदतीने पेप्टाइडांच्या साखळ्या एकमेकींशी जोडतात. या साखळ्यांच्या टोकाला डी-ॲलनिन या अमिनो आम्लाचे दोन घटक असतात आणि पेनिसिलिनच्या रेणूचा आकार या जोडीशी मिळताजुळता असतो. एन्झाइम त्यालाच आपले कार्यद्रव्य समजून जवळ करते. मग रेणूतील ताणलेले चौकोनी बीटा-लॅक्टम कडे उघडते आणि एन्झाइमाच्या सक्रिय स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाशी पक्का सहसंयुजी बंध तयार होतो. एन्झाइम निकामी होते, भित्तिका अपुरी राहते आणि वाढता जीवाणू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनची रुग्णाला होणारी बाधा, ॲलर्जीचा अपवाद वगळता, अल्प असते. चांगले लक्ष्य कसे असावे, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन यांसारखी अर्धसंश्लेषित पेनिसिलिने तयार करण्यासाठी मूळ पेनिसिलिनची पार्श्वसाखळी छाटून गाभा मोकळा करावा लागतो. हे काम पेनिसिलिन ॲसिलेज एन्झाइमे करतात. त्यांपैकी पेनिसिलिन-व्ही ॲसिलेजची त्रिमितीय रचना पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी यॉर्क विद्यापीठातील सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. येथे एन्झाइम हे औषधाचे लक्ष्य नसून औषध घडवण्याचे साधन आहे, परंतु रेणू आणि प्रथिनातील खाच यांचा मेळ कसा बसतो, हा अभ्यासाचा प्रश्न तोच राहतो.

लक्ष्याची निवड बेताची असली की काय होते, हे पिंपरीतच सापडलेल्या हॅमायसिनवरून कळते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हे कवकरोधी, म्हणजे बुरशीविरोधी, द्रव्य मिळवले. हॅमायसिन कवकांच्या पेशीपटलातील स्टेरॉलांना चिकटून पटलाला छिद्रे पाडते. कवकांमध्ये हे स्टेरॉल एर्गोस्टेरॉल असते, तर माणसाच्या पेशींत त्याच्याच नात्यातले कोलेस्टेरॉल. दोहोंतील फरक थोडा असल्यामुळे या वर्गातील औषधांची विषाक्तता पूर्णपणे टाळता येत नाही, आणि हॅमायसिनचा उपयोग मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता मर्यादित राहिला. हा शोध भारतीय संशोधनाच्या इतिहासात याहून अधिक आदराने नोंदला जायला हवा.

३ जानेवारी १९५० रोजी उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या बोलण्यातल्या एनसीएलमध्ये, औषधांच्या निर्मितिप्रक्रियांवर मोठे काम झाले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट न देता केवळ प्रक्रियेला दिल्यामुळे या कामाला विशेष महत्त्व आले. सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगविरोधी अल्कलॉइडे वेगळी करण्याची प्रक्रिया हा त्यातलाच भाग. अंगणात कुंडीत वाढणाऱ्या या झाडाच्या पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात. दोन्ही रेणू ट्युब्युलिन या प्रथिनाला जोडले जातात, त्यामुळे पेशीविभाजनासाठी लागणारे सूक्ष्मनलिकांचे जाळे उभे राहत नाही. त्यांच्या रचनेत फरक एवढाच की एका नायट्रोजनवर व्हिनब्लास्टिनमध्ये मिथिल गट असतो आणि व्हिन्क्रिस्टिनमध्ये फॉर्मिल गट. तेवढ्याने पहिल्याचा त्रास प्रामुख्याने अस्थिमज्जेला होतो, तर दुसऱ्याचा मज्जातंतूंना. संरचना आणि क्रिया यांच्या संबंधाचा अभ्यास हा या शास्त्राचा कणा का आहे, हे या जोडीवरून ध्यानात यावे.

लक्ष्याशी घट्ट बांधला जाणारा रेणू औषध होतोच असे नाही. तो आतड्यातून शोषला गेला पाहिजे, यकृतातील औषधे मोडणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइमांपुढे पुरेसा वेळ टिकला पाहिजे आणि हृदयाच्या स्पंदनाशी निगडित पोटॅशियम मार्गिकेसारख्या भलत्या प्रथिनांना त्याने अडवता कामा नये. तोंडाने घ्यायच्या औषधासाठी रेणुभार साधारणतः ५०० च्या आत असावा, हा १९९७ मध्ये क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी मांडलेल्या नियमांपैकी एक आडाखा आजही वापरला जातो, मात्र त्याला अपवाद पुष्कळ आहेत.

पदार्थालाही पेटंट देण्याची तरतूद २००५ पासून लागू झाल्यावर नव्या रेणूंच्या शोधाला भारतात गती आली. मुळशी तालुक्यातील नांदे येथे लुपिन कंपनीचे संशोधन केंद्र आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत सक्रिय असणाऱ्या माल्ट-१ या प्रथिनभंजक एन्झाइमाला रोखणाऱ्या लुपिनच्या रेणूंचे हक्क २०१८ मध्ये ॲबव्ही कंपनीने करारान्वये घेतले, आणि २०१९ मध्ये पेशींना वाढीचे संकेत पोहोचवणाऱ्या मेक या कायनेज एन्झाइमाला रोखणाऱ्या रेणूबाबत बोरिंगर इंगेलहाइमशी करार झाला.

एनसीएलमध्ये क्षयजंतूंविरुद्ध संयुगांची चाचणी घेताना सक्रिय जंतूंबरोबर सुप्त जंतूंचाही विचार केला गेला आहे. आयसोनियाझिड हे जुने औषध जंतूच्याच कॅटजी एन्झाइमाकडून सक्रिय होऊन भित्तिकेतील मायकोलिक अम्लांची निर्मिती थांबवते, म्हणून जंतू वाढत असतील तेव्हाच ते प्रभावी ठरते, आणि कॅटजीच्या जनुकात बदल झाला की निष्प्रभ होते. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन जंतूच्या एटीपी सिंथेज या ऊर्जानिर्मिती करणाऱ्या एन्झाइमावर घाव घालते. सुप्तावस्थेतही जंतूला ऊर्जा लागतेच, त्यामुळे वाढ थांबलेल्या जंतूंवरही त्याचा परिणाम होतो.