पूररेषेच्या आतलं पुणे: नदीकाठ मोजण्याची पार्श्वभूमी

४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं, तेव्हापासून पुण्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: मुळा-मुठेच्या काठाचा नेमका कुठला तुकडा आधी राखायचा? त्याचं उत्तर द्यायला जी मोजणी लागते, ती शहरात कधी झालीच नाही असं नाही. झाली, पण दोन वेगवेगळ्या खोल्यांत. एकीकडे पाटबंधारे खात्याने पाणी मोजलं, दुसरीकडे निसर्ग अभ्यासकांनी मासे, झाडं, पक्षी मोजले. हे दोन नकाशे एकावर एक ठेवण्याचं काम मागेच पडलं.

पाण्याची वाट शहराच्या सोयीने वळवण्याची सवय मात्र जुनी आहे. आंबिल ओढा एके काळी जुन्या गावठाणाला लागून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पश्चिमेकडे वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं गेलं. आजची सारसबाग त्याच तळ्याच्या जागी आहे.

पूर मोजायला शहर शिकलं ते १२ जुलै १९६१ नंतर. काम पुरतं संपलेलं नसताना पानशेतचं मातीचं धरण फुटलं, आणि त्या लोंढ्याने १८७९ सालचं खडकवासलाही फोडलं. नदीलगतच्या पेठा आणि डेक्कनचा भाग बुडाला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. शहर नदीपासून लांब, टेकड्यांकडे सरकलं. पण ती धास्ती एका पिढीपुरतीच टिकली. पुढच्या पिढीने नदीपात्रातच रस्ता केला.

राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये परिपत्रक काढून पूररेषांची व्याख्या ठरवली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी. शहरातल्या मुठेसाठी या रेषा खडकवासल्यातून सोडायच्या पाण्यावर बसवल्या गेल्या: ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तितके घनफूट पाणी) निळी, १ लाख क्युसेकला लाल. आकडे सोपे, कागदावर नीट बसणारे. अडचण अशी की धरणाच्या दारातून निघालेलं पाणी तेवढंच नदीचं पाणी नसतं. खडकवासल्याच्या खाली सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ओढे येऊन मिळतात, आणि धरणाची दारं बंद असली तरी ते पावसाळ्यात वाहतातच. शिवाय पात्रात भराव पडला, पूल आले, भिंती आल्या की तेवढ्याच पाण्याची पातळी वर चढते. रेषा आखताना पात्र जसं होतं तसं ते आज राहिलेलं नाही.

हे सिद्ध करायला अभ्यासगट लागला नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा धरणातून जाहीर झालेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. (नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला की पूर आला, ही पुणेकरांची मोजपट्टी त्या दिवशी जास्त प्रामाणिक वाटली.) पूररेषांचा वाद आता उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

ओढ्यांची गोष्ट याहून वाईट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने आंबिल ओढ्याचं पाणी टांगेवाले कॉलनी आणि अरण्येश्वर परिसरात घुसलं. त्या पावसाने शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक बळी घेतले. नद्यांच्या रेषांवर इतका वाद घालणाऱ्या शहराने ओढ्यांकडे मात्र सांडपाण्याची गटारं म्हणूनच पाहिलं होतं.

आता दुसरी खोली. १९४२ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लेख आले. आज मुठेचं काय बिघडलं हे सांगताना तुलनेला तीच यादी हाताशी येते. त्या यादीतल्या कित्येक जाती पुढच्या सर्वेक्षणांत शहराच्या हद्दीत सापडेनाशा झाल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परिसर अभ्यासक प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेकडे परिसंस्था म्हणून पाहिलं. काठ, पाणथळ, पक्षी आणि सांडपाणी यांचा एकत्र विचार करणारं पुण्यातलं ते सुरुवातीचं काम. पुढे जीवितनदीसारख्या गटांनी नदीकाठचे तुकडे दत्तक घेऊन तिथल्या नोंदी सुरू केल्या.

या नोंदींचं महत्त्व इथल्या भूगोलामुळे वाढतं. दख्खनच्या नद्या बेसाल्ट खडकात खोल रुतलेल्या आहेत. गंगेच्या मैदानासारखा कित्येक किलोमीटर पसरलेला पूरपट्टा इथे नाही, काठाला चिकटलेली चिंचोळी गाळाची पट्टी तेवढी असते. त्यातले वीस-तीस मीटर भिंतीत गेले तर बऱ्याच ठिकाणी सगळंच गेलं. वाळुंज, शेरणी, करंज, उंबर ही काठाची झाडं याच पट्टीत उगवतात. काठाला फुटणारे झरे उन्हाळ्यात ओढ्याला पाणी पुरवतात. राम नदीच्या खोऱ्यात बावधनला ते अजून वाहतात, आणि झऱ्याशेजारी बांधकाम निघालं की त्यावरून भांडणंही होतात.

म्हणून प्राधान्य ठरवताना नुसता हिरवा रंग पाहून चालणार नाही. पुराचं पाणी काठावर चढून पसरू शकतं का, काठाखाली झरा आहे का, मूळची झाडी तग धरून आहे का, वरच्या आणि खालच्या तुकड्याशी सलगता आहे का, हे चार प्रश्न प्रत्येक तुकड्याला विचारावे लागतील. या कसोटीवर माझ्या मते विठ्ठलवाडीचा काठ आणि राम-मुळा संगमाजवळची झाडी यादीत अगदी वर येतील. विठ्ठलवाडीजवळ पात्रातून काढलेल्या रस्त्याचा वाद २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणापुढे लढला गेला, ते उगीच नव्हे. सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट वेगळ्या कारणासाठी यादीत हवं: पाणी घाण असूनही हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरतात. आणि ओढ्यांची मोजणी नदीच्या आधी व्हायला हवी, कारण तिथे रुंदी इतकी कमी उरली आहे की एका पावसाळ्यापुरती दिरंगाईही महागात पडते.